राघू पिसें उपटतो, तेव्हां

गेल्या महिन्यांत आर्वी तालुक्यांतील एका भगिनींचें पत्र आमच्या हातीं आलें. त्या लिहितात कीं, त्यांच्या घरीं आठ वर्षांपासून एक राघू आहे; तो मुलांचीं नांवें घेतो, पाहुणा आला म्हणजे ‘या, बसा’ म्हणतो; परंतु दिवाळीपासून त्यानें स्वतःच्या छातीवरचीं पिसें उपटण्याचा सपाटा लाविला आहे. आतां गळ्याखालीं उघडी लालसर कातडी दिसूं लागली आहे. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली. दीर म्हणतात, ऋतु पालटला कीं येतील. आणि धाकटी मुलगी पिंजऱ्यापाशीं बसून रडते. ‘ह्यावर एखादा घरगुती उपाय असल्यास कळवावा,’ अशी त्यांची विनंति आहे.

उपाय सांगूं. परंतु त्याआधीं एक कबुली देणें आम्हांस प्राप्त आहे. हाच प्रसंग आमच्या वर्ध्याच्या घरीं घडला, आणि त्या वेळीं आम्हीं जें जें केलें त्यांतलें निम्म्याहून अधिक चुकीचें होतें. मुलांच्या वह्यांवर जन्मभर तांबड्या शाईनें रेघा ओढणाऱ्या मास्तरानें एकदां आपली वहीहि उघडी करावी, हें न्यायाचेंच आहे.

आमच्या थोरल्या वहिनींनीं २००९ सालीं एका आठवडी बाजारांतून एक पिलूं आणलें. टोपलींत झांकून ठेविलेलीं सातआठ पिलें होतीं. त्यांपैकीं हें एक, अंगावर जेमतेम पिसें फुटलेलें. विकणारानें सांगितलें, ‘राघूच आहे, वर्षभरांत कंठ फुटेल.’ वहिनींनीं भिजविलेल्या डाळीचें वाटण बोटानें भरवून तें वाढविलें. पहांटे त्या तुळशीला पाणी घालूं लागल्या कीं तो ‘रामकृष्णहरि’ म्हणे, आणि त्या ‘हरि हरि, बाबा’ म्हणून उत्तर देत. बारा वर्षें हा क्रम चुकला नाहीं. कंठ मात्र फुटला नाहीं. त्याचें कारण पुढें येईल.

२०२१ च्या एप्रिलांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, वहिनी गेल्या. त्या वर्षींच्या श्रावणांत आमच्या लक्षांत आलें कीं, राघूची छाती उघडी पडत चालली आहे. सांत्वनास येणारी मंडळी तें पाहून गहिंवरत आणि म्हणत, ‘पाहा, मुक्या जीवालाहि किती शोक!’ आम्हांलाहि तें ऐकून समाधान वाटे. नव्या येणाराला आम्ही आपण होऊन पिंजऱ्यापाशीं नेऊं लागलों. आज त्याची लाज वाटते. पक्ष्याला एकटेपण जाचत होतें ह्यांत खोटें कांहीं नव्हतें. पण त्याच्या यातनेचा आम्हीं घराला शोभणारा एक दागिना केला, आणि एकदां ‘शोक’ हें नांव दिल्यावर पुढें कांहीं पाहण्याची गरजच आम्हांस उरली नाहीं.

वास्तविक वहिनींमागें त्याच्या दिनचर्येंत पांच गोष्टी बदलल्या होत्या. ओसरीवरचा पिंजरा अडचण नको म्हणून स्वयंपाकघरामागच्या पडवींत गेला होता. तेथें फोडणीचा धूर थेट त्याच्या अंगावर येई. त्याच पडवींत नातू अभ्यासाला बसे, त्यामुळें रात्रीं बारापर्यंत दिवा जळे. वहिनी रोज सकाळीं पितळी परातींत पाणी ठेवीत, त्यांत तो न्हाई. तें न्हाणें बंद पडलें होतें. आणि खाणें म्हणजे दोन हिरव्या मिरच्या व मूठभर भुईमुगाचे दाणे, जो ज्या वेळीं जाईल त्यानें वाटींत टाकावे. घरांत अकरा माणसें. पैकीं प्रत्येकाला वाटे, राघूचें कोणीतरी पाहत असेल. एकत्र कुटुंबांत हें वाक्य फार घात करतें.

आतां आमचे उपाय ऐका. प्रथम खोबरेल तेलांत हळद कालवून छातीला चोपडली. त्यानें पिसें चिकट झालीं, आणि तें काढण्यासाठीं तो दुप्पट चोंच मारूं लागला. मागून कळलें कीं, तेलानें पिसांचे तंतु एकमेकांस चिकटतात, थंडीवाऱ्यापासून राखण करण्याची त्यांची शक्ति जाते, आणि चाटलेलें तेल पोटांत जातें तें निराळेंच. नंतर कोणी सुचविलें म्हणून मिरचीचें पाणी शिंपडलें. हा तर शुद्ध अडाणीपणा. जो पक्षी मिरच्या आवडीनें खातो त्याला मिरचीची भीति ती काय? तिखटाचा चटका आपणांस ज्या ग्राहकामुळें जाणवतो, तो पक्ष्यांच्या अंगीं असला तरी तिखटाला दाद देत नाहीं, असें २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कोंबडीवरील संशोधनांत दिसून आलें आहे. तिसरा उपाय दटावण्याचा. त्यानें पीस धरलें कीं पडवींतून कोणीतरी ‘ए राघू!’ म्हणून ओरडे. दिवसभर ज्याच्याशीं कोणी बोलत नाहीं त्याला पीस धरतांच माणूस बोलतो, हें एवढें त्या चतुर जीवानें लगेच ओळखलें. तो पीस धरी आणि आमच्याकडे पाही. शेवटीं पुठ्ठ्याची गळपट्टी करून घातली. दोन दिवस त्यानें अन्नाला चोंच लाविली नाहीं, तेव्हां काढून टाकिली.

इतकें झाल्यावर आम्ही शहाणे झालों आणि नागपुरास पक्ष्यांच्या जाणत्या पशुवैद्याकडे गेलों. तेथें जें शिकलों व पुढें वाचून जें ताडून पाहिलें, तें वाचकांसाठीं क्रमानें देतों.

प्रथम हें पाहावें कीं, पक्षी पिसें उपटतो आहे कीं नुसतीं विंचरतो आहे. निरोगी पोपट दिवसाचा बराच वेळ अंगाची निगा राखण्यांत घालवितो. शेपटीच्या मुळाशीं एक तैलग्रंथि असते. तेथें चोंच घांसून तो तें तेल पिसांस लावितो, आणि एकेक पीस चोंचींतून ओढून त्याच्या सुट्या झालेल्या तंतूंचे बारीक आकडे पुन्हां एकमेकांत गुंतवितो. ही त्याची वेणीफणी. दुसरी गोष्ट पीसपालटाची. वर्षांतून एकदां जुनीं पिसें गळून नवीं येतात. त्या वेळीं पिंजऱ्यांत पिसें पुष्कळ पडतात. परंतु तीं दोन्ही अंगांवरून सारखीं व थोडथोडीं गळतात, कातडी उघडी पडत नाहीं, आणि नव्या पिसांचे पांढरट वेष्टणांतले कोंब लगोलग दिसूं लागतात. तें वेष्टण पक्षी सोलतो व त्याचा कोंडा खालीं पडतो. त्यानें भिऊं नये.

उपटण्याची खूण निराळी आहे. डोकें व गाल पिसांनीं भरलेले, आणि छाती, मांड्या किंवा पंखांखालची बाजू मात्र उघडी, असें दिसलें म्हणजे समजावें कीं हें त्याच्याच चोंचीचें काम आहे. कारण कोणत्याहि पोपटाची चोंच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोंचत नाहीं. उलट डोक्यावरचींहि पिसें गेलीं असतील, तर पिंजऱ्यांतल्या दुसऱ्या पक्ष्यानें तीं उपटलीं असावीं, किंवा पक्ष्याला रोग असावा. पोपटांमध्यें चोंच व पिसें यांचा एक विषाणुजन्य रोग आहे. त्यांत नवीं पिसें वेडींवांकडीं येतात, कधीं कधीं चोंचहि बिघडते. त्यावर अद्याप खात्रीचें औषध नाहीं, आणि तो पिसांच्या धुळींतूनहि पसरतो. म्हणून अशा पक्ष्याला इतरांपासून तत्काळ वेगळें ठेवावें. वाढत्या कोंवळ्या पिसांत रक्त असतें. असें पीस तुटून रक्त वाहूं लागल्यास स्वच्छ कापडानें हलके दाबून धरावें आणि वैद्य गांठावा.

दुसरी गोष्ट. पिसें उपटणें हा एक रोग नव्हे. अनेक दुखण्यांचें तें एकच लक्षण आहे. म्हणून ‘मनाचें आहे’ असें म्हणण्याआधीं शरीर तपासून घ्यावें. पिंजऱ्याच्या फटींत राहणाऱ्या पिसवांसारख्या बारीक किडी रात्रीं रक्त पितात. रात्रीं पिंजऱ्यावर पांढरें फडकें टाकून सकाळीं त्यावर तांबडे ठिपके हलतात काय तें पाहावें. नव्या जस्ती पिंजऱ्याच्या तारा कुरतडल्यास जस्त पोटांत जाऊन विषबाधा होते. यकृताचा विकार, कातडीची बुरशी, जुनी जखम, ह्यांपैकीं कांहींहि असूं शकेल. मादी असेल तर विणीच्या दिवसांतहि छातीकडे चोंच वळते. येथेंच वैद्यबुवांनीं आम्हांस सांगितलें, ‘मास्तर, ही मादी आहे.’ गळ्याभोंवतीं काळागुलाबी कंठ हा नराचा असतो, व तो दोनतीन वर्षांचा झाल्यावर येतो. बारा वर्षें आम्ही जिला राघू म्हणत होतों, जिच्या कंठाची वाट पाहत होतों, ती राघू नव्हतीच! सवयीनें आम्ही अजूनहि ‘तो’च म्हणतों; पण एका घरांत एक तप काढलेल्या जीवाविषयीं आम्हांस किती ठाऊक होतें, ह्याचें माप त्या दिवशीं मिळालें.

तिसरी गोष्ट आहाराची. मिरची वाईट नव्हे, दाणे वाईट नव्हेत. पण केवळ दाण्यांवर ठेविलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व पुरेसें मिळत नाहीं, त्यानें कातडी कोरडी व खाजरी होते, आणि फाजील स्निग्धांशानें यकृत बिघडतें. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, गाजर, लाल भोपळा, पेरू, मोड आलेले मूग व मटकी, ज्वारीचें कोंवळें कणीस, हें सर्व आपल्या जिल्ह्यांत सहज मिळण्यासारखें आहे. मात्र बदल हळूहळू करावा; एका दिवसांत दाणे बंद केल्यास पक्षी उपाशी बसेल, पण अनोळखी खाणें खाणार नाहीं. चहांत बुडविलेलें बिस्कीट, खारे पदार्थ, चॉकलेट देऊं नये. अ‍ॅव्होकॅडो नांवाचें जें फळ हल्लीं बाजारांत येतें तें तर त्यास विषच.

चौथी गोष्ट पाणी, हवा आणि झोंप. वर्ध्याच्या उन्हाळ्यांत पारा पंचेचाळिसांवर जातो आणि हवा इतकी कोरडी होते कीं माणसाचेहि ओंठ फुटतात. मग पक्ष्याच्या कातडीचें काय? रोज सकाळीं उथळ परातींत साधें पाणी ठेवावें, किंवा बारीक तुषार वरून पावसासारखे पडूं द्यावे. तोंडावर मारूं नये. संध्याकाळीं भिजवूं नये. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर असावा. नॉनस्टिक भांडें जास्त तापलें असतां त्यांतून निघणारा वायु पोपटाला कांहीं मिनिटांत मारूं शकतो. देवघरांतील धूप व उदबत्ती यांचा धूरहि त्यास सोसत नाहीं. पिंजरा देवाजवळ ठेवण्यांत पुण्य मानणाऱ्या घरांनीं एवढें ध्यानांत घ्यावें. आणि सूर्यास्तानंतर त्यास दहाबारा तास शांत अंधार मिळालाच पाहिजे. आपण जागें राहतों म्हणून त्यानेंहि जागावें, हा जुलूम आहे.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती उद्योगाची. रानांतला पोपट सकाळीं थव्यानें निघतो. कणसें, शेंगा, फळें शोधण्यांत, सोलण्यांत व भांडण्यांत त्याचा बराच दिवस जातो. पिंजऱ्यांतल्या पोपटापुढें वाटी भरलेली असते. तो दहा मिनिटांत जेवतो, आणि मग दिवसभर त्या चोंचीला काम काय? अंगावरचीं पिसें तेवढीं समोर असतात. अमेरिकेंत डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत अ‍ॅमेझॉन जातीच्या पोपटांवर झालेला एक अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना खाणें शोधून, फोडून, ओढून काढावें लागे आणि चढण्याकुरतडण्यास विविध वस्तु मिळत, त्या पोपटांत पिसें उपटण्याची खोड लागली नाहीं. आणि ज्यांना ती लागली होती त्यांच्यांतहि ती कमी झाली. ह्यासाठीं महाग खेळणीं लागत नाहींत. पेरूची किंवा कडुनिंबाची सालीसकट फांदी पिंजऱ्यांत बांधावी. दाणे पळसाच्या पानांत गुंडाळून द्यावे. चिंचेची शेंग, मक्याचें कणीस आवरणासकट टांगावें. दिवसाचें खाणें चार ठिकाणीं लपवावें. आणि त्यानें पीस धरलें असतां ओरडूं नये, धांवूं नये; तो शांतपणें कांहीं कुरतडत असेल तेव्हां जवळ जाऊन बोलावें. आमच्या घरीं हें काम आम्हीं वाटून दिलें: सकाळचें न्हाणें आमच्याकडे, पाल्याचें काम धाकट्या सूनबाईंकडे, पानांच्या पुड्या बांधण्याचें नातवंडांकडे. देवघराच्या भिंतीवर पाळीचा कागद लागला. ‘कोणीतरी पाहील’ हें वाक्य घरांतून गेलें.

तीन महिन्यांत मांड्यांवर नवीं पिसें आलीं. छातीच्या मध्यावर मात्र एक तुकडा उघडाच राहिला. वैद्य म्हणाले, एकाच जागचें पीस वारंवार उपटलें म्हणजे त्याचें मूळच मरतें. मग तेथें कधींच उगवत नाहीं. म्हणून सांगतों, ह्या बाबतींत ‘पाहूं पुढें’ म्हणूं नये.

येथें आमची हकीकत संपती तर बरें होतें. परंतु त्याच वैद्यांनीं आणखी एक वाक्य सांगितलें होतें, तें आम्हीं घरीं कोणास सांगितलें नव्हतें. ते म्हणाले होते, ‘हा देशी पोपट आहे. हा घरीं ठेवतां येत नाहीं.’ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालीं आपले देशी पोपट संरक्षित आहेत. गळ्याला कंठ असलेला नेहमींचा पोपट, मोठा करण पोपट आणि जांभळ्या डोक्याचा तोईवाला, सगळेच. ते पकडणें, विकणें, विकत घेणें व पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा आहे. २०२२ सालीं ह्या अधिनियमांत दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. तीनुसार नेहमींचा पोपट दुसऱ्या अनुसूचींत आला आहे. परदेशी जातींची, म्हणजे बजरीगार, कॉकाटील वगैरेंची गोष्ट निराळी. त्यांपैकीं कित्येक जातींची नोंद शासनाकडे करावी लागते.

ही गोष्ट आमच्या नातीनें स्वतः वाचून काढली आणि एका रात्रीं जेवणानंतर सर्वांसमक्ष काढली. घरांत दोन तट पडले. आमचे ज्येष्ठ बंधु म्हणाले, ‘तिची एवढी एकच आठवण उरली आहे. ती पोलिसांत नेऊन द्यायची?’ त्यावर कोण काय बोलणार? आम्हीं मास्तरकीला शोभेल असें उत्तर नातीला दिलें. म्हटलें, आपल्या परंपरेंत शुक हा घरचाच मानला आहे. मंडनमिश्रांच्या दारीं पोपट वेदप्रामाण्याचा वाद घालीत अशी आख्यायिका आहे. बाणभट्टाच्या कादंबरींत सगळी कथा सांगतो तो वैशंपायन पोपटच. ती म्हणाली, ‘आजोबा, तो पोपट राजाच्या सभेंत आला तरी कसा, तें सांगा ना.’

आम्हीं तो भाग मुलांस कितीदां तरी शिकविला असेल. सोन्याच्या पिंजऱ्यांतून सभेंत आलेला तो पक्षी शूद्रक राजाला आपली जन्मकथा सांगतो: विंध्याटवींतील जुन्या शाल्मलीच्या ढोलींत आपण जन्मलों, एके दिवशीं एक म्हातारा शिकारी त्या झाडावर चढला, आणि फळें तोडावीं तशीं त्यानें पिलें ओढून काढलीं व माना मुरगळून खालीं टाकलीं, आपल्या जराजर्जर बापानें आपणांस पंखाखालीं धरलें व तो मेला, आपण मात्र वाळलेल्या पानांच्या ढिगांत पडल्यामुळें वांचलों. हारीत नांवाच्या मुनिकुमारानें तहानेनें व्याकुळ झालेलें तें पिलूं उचलून जाबालींच्या आश्रमांत नेलें. आम्ही वर्गांत ह्या उताऱ्यांतील समास सोडवीत होतों. शाल्मली म्हणजे आपली कांटेसावर, बोरच्या रानांत फाल्गुनांत तांबडी फुलते ती. तिच्या ढोलींत आजहि पोपट घरटीं करतात. बाजारांतल्या त्या टोपलींत झांकलेलीं सातआठ पिलें कोठून आलीं होतीं, हा प्रश्न जन्मभर कादंबरी शिकविणाऱ्या माणसाला बारा वर्षांत एकदांहि पडला नाहीं. विकणारानें तें पोटासाठीं केलें, आम्हीं हौसेसाठीं. दोष कोणाचा अधिक, हें ठरविण्यास न्यायाधीश लागत नाहीं.

संस्कृतांत शुकनलिकान्याय प्रसिद्ध आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांतहि हा दृष्टांत येतो. दोरींत ओंवलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भारानें नळी फिरते, तो उलटा लोंबतो, आणि आपण बांधलों गेलों असें समजून तीच नळी घट्ट धरून राहतो. वास्तविक त्यास कोणी बांधलेलें नसतें. त्या रात्रीं आम्हांस वाटलें, ह्या घरांत नळी धरून लोंबकळणारा पोपट कोण? पिंजऱ्यांतला तर नव्हे. त्याला तर आम्हीं खरेंच कोंडलें आहे. वहिनींची आठवण ह्या पिंजऱ्यांत आहे आणि पिंजरा गेला कीं ती जाईल, असें समजून घट्ट धरून बसलेले आम्ही. दुसऱ्या दिवशीं हें बंधूंस सांगितलें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. आठ दिवसांनीं आपण होऊन म्हणाले, ‘तुळशीपाशीं तिचा आवाज काढील असें कोणी आतां नसेल, पण चालेल.’

माघांत, २०२२ सालीं, आम्ही पक्षी वनविभागाच्या स्वाधीन केला. दरडावतील अशी भीति होती; तसें कांहीं झालें नाहीं. आपण होऊन आणून देणाराशीं ती मंडळी नीट वागली. तेथून त्यास उपचारकेंद्रांत नेलें. आम्हीं विचारलें, ‘तसाच सोडून दिला असता तर?’ ते म्हणाले, दोन दिवसांत मांजराच्या नाहीं तर कावळ्यांच्या तोंडीं गेला असता. पिंजऱ्यांत वाढलेल्याला उडणें, खाणें शोधणें व भिणें हीं तिन्ही शिकवावीं लागतात. म्हणून वाचकांनीं दयेच्या भरांत पिंजऱ्याचें दार कदापि उघडूं नये. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयांत जावें, किंवा महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ ह्या दूरध्वनिक्रमांकावर विचारावें. वर्ध्याजवळ पिपरी मेघे येथें पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचें करुणाश्रम आहे. नागपुरास सेमिनरी हिल्सवर वनविभागाचें वन्यजीव उपचारकेंद्र आहे.

पुढल्या वर्षीं आम्ही व बंधु त्यास पाहून आलों. मोठ्या जाळीच्या दालनांत दहाबारा पोपटांत तो होता. छातीवरच्या उघड्या तुकड्यावरून ओळखला. तो ह्या टोंकाच्या फांदीवरून त्या टोंकाला उडत गेला. बारा वर्षें पिंजऱ्याच्या तारांस घांसून झिजलेली ती शेपटी केवढी लांब असते, हें आम्हीं प्रथमच पाहिलें. बंधूंनीं हलकेच ‘रामकृष्णहरि’ म्हटलें. तो एका सोबत्याशीं बाभळीच्या शेंगेवरून भांडत होता. त्यानें वळून पाहिलें नाहीं. परततांना बंधु बराच वेळ बोलले नाहींत. पवनार मागें पडल्यावर म्हणाले, ‘पिसें उपटीत नव्हता.’

आर्वीच्या भगिनींस आमचें सांगणें एवढेंच. वर लिहिलेले उपाय आजपासून सुरू करा. पक्षी दुसऱ्या कोणाच्या हातीं जाईपर्यंतहि त्याचें दुखणें थांबत नाहीं. वैद्यास दाखवा. तेल, हळद, मिरची दूर ठेवा. दृष्ट काढल्यानें सासूबाईंचें समाधान होत असेल तर खुशाल काढावी. फक्त धूर नको. आणि मग घरांतील सर्वांनीं एकत्र बसून पुढचा निर्णय करा. तो करतांना त्या रडणाऱ्या मुलीला बाहेर पाठवूं नका. वनविभागांत जातांना तिलाच बरोबर न्या. आमच्या घरीं हा धडा नातीनें आजोबास दिला. तुमच्या घरीं तो आईकडून लेकीला मिळावा.